प्रत्येक अब्जाधीश ऑलिगार्क नसतो

१५ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे मावळते राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी निरोपाच्या भाषणात इशारा दिला, की अमेरिकेत ऑलिगार्की आकार घेते आहे. तोवर हा शब्द आपल्याला भेटायचा तो रशियाच्या बातम्यांत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि पुढचे काही महिने रोज अमुक ऑलिगार्कची आलिशान नौका अडकवली, तमुकची लंडनमधली मालमत्ता गोठवली, असे मथळे येत राहिले. आता तोच शब्द अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांच्या मालकांना लागतो, भारतीय उद्योगपतींना लागतो आणि समाजमाध्यमांवर तर नावडत्या कोणाही श्रीमंताला लागतो.

शब्द असा पसरट झाला की त्याचा उपयोग संपतो. ‘ऑलिगार्क’ हा शब्द जपून वापरण्याजोगा आहे, कारण तो ज्या गोष्टीकडे बोट दाखवतो तिच्यासाठी दुसरा नेमका शब्द हाताशी नाही. ती गोष्ट म्हणजे नुसती श्रीमंती नव्हे. सत्तेतून पैसा आणि पैशातून पुन्हा सत्ता, असा दोन्ही बाजूंनी चालणारा व्यवहार म्हणजे ऑलिगार्की.

ऑलिगार्की हे व्यवस्थेचे नाव आणि ऑलिगार्क हे त्या व्यवस्थेतल्या माणसाचे. मराठी पुस्तकांत व्यवस्थेसाठी ‘अल्पजनसत्ता’ असा शब्द आढळतो, पण माणसासाठी रुळलेला मराठी शब्द नाही. अब्जाधीश हा फक्त रकमेचा हिशेब झाला. उद्योगपती म्हटले की धंदा कळतो. भांडवलदार म्हटले की कामगाराशी असलेले नाते कळते. धनदांडगा म्हटले की अरेरावी कळते. यांपैकी एकाही शब्दातून त्या माणसाचे सरकारशी काय नाते आहे ते कळत नाही, आणि ऑलिगार्कच्या बाबतीत सगळे महत्त्व त्याच नात्याला आहे.

शब्द ग्रीक, आणि वाद पहिल्यापासूनचा

ग्रीक भाषेत ‘ओलिगोस’ म्हणजे थोडे आणि ‘आर्खेइन’ म्हणजे राज्य करणे. थोड्यांचे राज्य, इतकाच शब्दार्थ. अथेन्समध्ये लोकशाही दोनदा उलथवली गेली तेव्हा ग्रीकांनी हा प्रकार प्रत्यक्ष भोगला. इसवी सनापूर्वी ४११ मध्ये चारशे जणांच्या मंडळाने सत्ता घेतली. ४०४ मध्ये स्पार्टाने अथेन्सचा पराभव केल्यावर तीस जणांचे राज्य आले. या तिसांनी पूर्ण हक्क असलेल्या नागरिकांची यादी तीन हजारांपुरती मर्यादित केली. यादीबाहेरच्यांना कायद्याचे पुरेसे संरक्षणच उरले नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने या शब्दाला जी धार लावली ती आजही कामाची आहे. तो म्हणतो, राज्य करणारे संख्येने थोडे असतात हा योगायोग आहे. श्रीमंत लोक जगात सगळीकडे थोडेच असतात, म्हणून थोड्यांचे राज्य आणि श्रीमंतांचे राज्य एकच वाटते. पण श्रीमंतांनी श्रीमंतांच्या हितासाठी चालवलेले राज्य ही खरी ऑलिगार्की. एखाद्या नगरात श्रीमंतच बहुसंख्य असले आणि त्यांनीच राज्य केले, तरी ती ऑलिगार्कीच. आपण शब्दार्थावर भुलून ‘थोडे’ या भागाकडे पाहतो. अ‍ॅरिस्टॉटल विचारतो की राज्य कोणाच्या हितासाठी चालले आहे.

रशियात हा शब्द माणसांना कसा चिकटला

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. खाणी, तेलविहिरी, पोलाद कारखाने, दुकाने, जवळजवळ सगळेच सरकारी होते. ते खासगी हातांत द्यायचे ठरले, पण विकत घेण्याइतका पैसा कायदेशीर मार्गाने साठवलेला माणूस देशात जवळपास नव्हताच. त्यातच २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचे सरकारी नियंत्रण उठले. त्या एका वर्षात महागाई सुमारे २,५०० टक्क्यांनी वाढली. आयुष्यभराची बँकेतली शिल्लक काही महिन्यांत मातीमोल झाली.

१९९२ च्या शरदात सरकारने प्रत्येक नागरिकाला एक व्हाउचर दिले. त्यावर दर्शनी किंमत होती दहा हजार रूबल. हे व्हाउचर देऊन सरकारी कंपन्यांचे शेअर घ्यायचे, अशी कल्पना. कागदावर ही योजना समतेची होती. प्रत्यक्षात ज्या घरात भाकरीची भ्रांत होती तिथे व्हाउचर ठेवून कोण घेणार? लोकांनी ती मिळेल त्या किमतीला विकली. ती गोळा केली कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी, नव्याने निघालेल्या गुंतवणूक फंडांनी आणि हातात रोकड असलेल्या व्यापाऱ्यांनी. १९९४ च्या मध्यापर्यंत ही फेरी संपली आणि हजारो कारखाने खासगी झाले. मात्र तेल आणि धातूंमधल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांचे मोठे हिस्से अजून सरकारकडेच होते.

याच काळात एक वेगळा धंदा फोफावला होता. सरकारने आपली खाती ठरावीक खासगी बँकांत ठेवली होती. जकातीचे पैसे, अर्थखात्याच्या ठेवी या बँकांत पडून असत. महागाई प्रचंड असताना सरकारचा पैसा काही आठवडे वापरायला मिळणे हाच मोठा नफा होता. कोणत्या बँकेला हे भाग्य लाभायचे, ते मंत्री आणि अधिकारी ठरवत. पुढे ज्यांना ऑलिगार्क म्हटले गेले त्यांतल्या बऱ्याच जणांचा पाया असा घातला गेला.

१९९५ चा गहाणाचा व्यवहार

एवढा एक व्यवहार नीट समजला तरी हा शब्द समजतो, म्हणून तो सावकाश पाहू.

१९९५ मध्ये सरकारकडे पगार आणि निवृत्तिवेतन द्यायला पैसे नव्हते. वर्षभराने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांची लोकप्रियता तळाला गेली होती. ओनेक्सिम बँकेचे व्लादिमीर पोतानिन यांनी प्रस्ताव मांडला: बँका सरकारला कर्ज देतील, सरकारने मोठ्या कंपन्यांतले आपले शेअर त्यांच्याकडे तारण ठेवावेत. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी येल्त्सिन यांनी तसा हुकूम काढला. इंग्रजीत या योजनेला ‘लोन्स फॉर शेअर्स’ म्हणतात. आपण तिला शेअर-तारण योजना म्हणू.

गावातला सावकार दागिना गहाण ठेवून घेतो, त्याचे वजन स्वतःच करतो, किंमत स्वतःच सांगतो, आणि मुदतीत सोडवला नाही तर लिलावही स्वतःच करून आपल्याच मेहुण्याच्या नावावर तो दागिना घेतो. शेअर-तारण योजनेची रचना अशीच होती. फरक इतकाच की दागिना होता देशाचे तेल आणि निकेल, आणि गहाण टाकणाऱ्यालाही तो सोडवायचा नव्हता.

पायऱ्या अशा होत्या. सर्वाधिक कर्ज देऊ करणाऱ्याला तारण मिळणार, म्हणून लिलाव घ्यायचा. पण लिलावाचे अर्ज स्वीकारण्याचे आणि छाननीचे काम ज्या बँकेकडे, तीच बँक किंवा तिची उपकंपनी बोली लावणार. महत्त्वाच्या लिलावांत परदेशी कंपन्यांना मज्जाव. सरकारने १९९६ मध्ये कर्ज फेडले नाही तर बँकेने तारण ठेवलेले शेअर विकावेत. सरकारच्या अर्थसंकल्पात या परतफेडीची तरतूदच नव्हती. म्हणजे गहाण हे नाव, विक्री हे काम.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९९५ मध्ये लिलाव झाले. नोरिल्स्क निकेल ही जगातल्या सर्वांत मोठ्या निकेल आणि पॅलेडियम उत्पादकांपैकी एक. तिच्या ३८ टक्के हिश्शासाठी किमान बोली होती १७ कोटी डॉलर. ओनेक्सिम बँकेने तो १७ कोटी १ लाख डॉलरला घेतला. एका प्रतिस्पर्धी बँकेने ३५ कोटी ५० लाखांची बोली लावली होती, म्हणजे दुपटीहून अधिक. ती बाद झाली. कारण दिले गेले की बोलीची रक्कम त्या बँकेच्या भांडवलापेक्षा मोठी आहे. लिलावाचे आयोजन ओनेक्सिम बँकेकडेच होते. ऑगस्ट १९९७ मध्ये तारणातले ते शेअर विकले गेले, तेही याच गटाशी जोडलेल्या कंपनीला, २५ कोटी डॉलरला.

युकोस या तेल कंपनीच्या ४५ टक्क्यांसाठी मिखाइल खोदोरकोव्स्की यांच्या मेनातेप बँकेच्या गटाने १५ कोटी ९० लाख डॉलर मोजले. किमान बोली १५ कोटी होती. सिबनेफ्त या तेल कंपनीचे ५१ टक्के बोरिस बेरेझोव्स्की आणि रोमान अब्रामोविच यांच्या गटाला १० कोटी ३ लाख डॉलरला मिळाले. किमान बोली होती १० कोटी. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, सिबनेफ्तचे सुमारे ७३ टक्के शेअर सरकारी गाझप्रोमने परत घेतले तेव्हा सरकारी कंपनीला १३ अब्ज डॉलरहून अधिक मोजावे लागले.

सुर्गुतनेफ्तेगाझ या तेल कंपनीच्या लिलावाच्या दिवशी तर सुर्गुतचा विमानतळच बंद राहिला आणि बाहेरचे बोलीदार पोहोचू शकले नाहीत. शेअर कंपनीच्या स्वतःच्या निवृत्तिवेतन निधीला मिळाले.

आणखी एक गाठ उरते. बँकांनी सरकारला जे कर्ज दिले ते पैसे आले कुठून? रशियाच्या लेखापरीक्षण संस्थेने नंतर नोंदवले, की अर्थखात्याने याच बँकांत तेवढ्याच प्रमाणात ठेवी ठेवल्या होत्या. सरकारने आपलेच पैसे उसने घेतले आणि त्यावर देशाची संपत्ती तारण ठेवली.

निवडणूक आली आणि दुसरी बाजू दिसली

इथवरचा व्यवहार सत्तेतून पैसा असा झाला. नुसता इतकाच असता तर त्याला मोठा भ्रष्टाचार म्हणून थांबता आले असते. ऑलिगार्क हा शब्द लागू होतो तो १९९६ मध्ये.

कम्युनिस्ट उमेदवार गेन्नादी झ्युगानोव्ह जिंकले तर तारण ठेवलेले सगळे परत सरकारकडे जाईल, ही भीती होती. शेअरची अंतिम विक्री निवडणुकीनंतर व्हायची होती, त्यामुळे येल्त्सिन निवडून येण्यातच या मंडळींचा जीव अडकला होता. योजनेच्या वेळापत्रकाने त्यांना राष्ट्राध्यक्षाशी बांधून टाकले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये दावोस इथे एरवी एकमेकांचे वैरी असलेल्या बँकमालकांनी एकत्र येऊन येल्त्सिन यांच्या मागे उभे राहायचे ठरवले. ओआरटी वाहिनीवर बेरेझोव्स्की यांचा ताबा होता, एनटीव्ही व्लादिमीर गुसिन्स्की यांची होती. एनटीव्हीचे प्रमुखच येल्त्सिन यांच्या प्रचारयंत्रणेत माध्यम सल्लागार झाले. खर्चाची कायदेशीर मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली गेली. जूनमध्ये प्रचारयंत्रणेतले दोघे सरकारी मुख्यालयातून बाहेर पडताना पकडले गेले, तेव्हा त्यांच्याजवळच्या झेरॉक्स कागदाच्या खोक्यात पाच लाखांहून अधिक डॉलर निघाले.

पहिल्या फेरीत येल्त्सिन यांना ३५ टक्के आणि झ्युगानोव्ह यांना ३२ टक्के मते पडली. ३ जुलैच्या फेरीत येल्त्सिन सुमारे ५४ टक्क्यांनी जिंकले. ऑगस्टमध्ये पोतानिन पहिले उपपंतप्रधान झाले. ऑक्टोबरमध्ये बेरेझोव्स्की सुरक्षा परिषदेचे उपसचिव झाले. त्याच वर्षी बेरेझोव्स्की यांनी एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले, की सात जणांच्या हातात रशियाची निम्मी अर्थव्यवस्था आहे. आकडा फुगवलेला होता, पण तो उघडपणे सांगावासा वाटला हे बोलके आहे. रशियन पत्रकारांनी या सातांच्या राज्याला ‘सेमिबांकिरश्चिना’ म्हटले. १६१० मध्ये झारला हटवून सात सरदारांनी कारभार हाती घेतला होता, त्या काळाच्या नावावरून हे नाव पाडले होते.

सरकारकडून स्वस्तात मालमत्ता, मालमत्तेतून माध्यमे आणि निवडणूक, निवडणुकीतून मंत्रिपद, मंत्रिपदातून मालमत्तेचे संरक्षण. ऑलिगार्क म्हणजे हे वर्तुळ पूर्ण करणारा माणूस.

‘पण दुसरा मार्ग होता का?’

हा आक्षेप रशियातल्या सुधारकांनी स्वतः मांडला आहे आणि तो टाळून चालणार नाही. खासगीकरणाचे सूत्रधार अनातोली चुबाइस यांची भूमिका अशी, की कम्युनिस्टांना सत्तेबाहेर ठेवणे आणि खासगी मालकी इतकी रुजवणे की मागे फिरता येणार नाही, हे उद्दिष्ट होते. किंमत कमी आली ती राजकीय गरजेपोटी. दुसरा मुद्दा असा, की १९९९ नंतर युकोस आणि सिबनेफ्तचे तेल उत्पादन वेगाने वाढले. नव्या मालकांनी कंपन्या नुसत्या लुटल्या नाहीत, चालवल्याही. शिवाय रशियातले सगळे अब्जाधीश या लिलावांतून आले असेही नाही.

हे सगळे मान्य केले तरी या व्यवस्थेने केलेली मोठी हानी उरतेच. लोकांच्या डोळ्यांदेखत झालेल्या या वाटपाने खासगी मालकी या कल्पनेवरचाच विश्वास उडाला. ज्याची मालकी लोकांना वैध वाटत नाही त्याची मालकी राज्यकर्ता कधीही काढून घेऊ शकतो, आणि कोणी हळहळतही नाही. पुढच्या दशकात हेच झाले.

आज रशियात ऑलिगार्क उरले आहेत का?

२००० मध्ये व्लादिमीर पुतिन राष्ट्राध्यक्ष झाले. ऑलिगार्क हा वर्गच राहणार नाही, असे त्यांनी निवडणुकीआधीच म्हटले होते. जूनमध्ये गुसिन्स्की यांना अटक झाली, मग ते देश सोडून गेले आणि २००१ मध्ये एनटीव्ही गाझप्रोमच्या ताब्यात आली. बेरेझोव्स्कीही परदेशी गेले. २८ जुलै २००० रोजी पुतिन यांनी मोठ्या उद्योजकांना क्रेमलिनमध्ये बोलावले. त्या भेटीतून पुढे आलेला अलिखित करार सर्वांना कळला: मिळवलेले ठेवा, राजकारणात पडू नका.

खोदोरकोव्स्की यांनी तो पाळला नाही. विरोधी पक्षांना पैसे दिले, सरकारी भ्रष्टाचारावर पुतिन यांना तोंडावर सुनावले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी नोवोसिबिर्स्कच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. त्यांची सुटका थेट डिसेंबर २०१३ मध्ये माफीने झाली. युकोसचा मुख्य तेलउत्पादक भाग २००४ च्या लिलावात एका अनोळखी कंपनीने घेतला आणि लगेच तो सरकारी रोसनेफ्तकडे गेला.

तेव्हापासून मालक आणि राज्यकर्ता यांच्या जागा उलटल्या आहेत. जून २००९ मध्ये पिकाल्योवो गावात पगार थकलेल्या कामगारांनी महामार्ग अडवला. पुतिन तिथे गेले आणि अ‍ॅल्युमिनियमसम्राट ओलेग देरिपास्का यांना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर करारावर सही करायला लावली. सही झाल्यावर आपले पेन परत मागितले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाले आणि त्याच दिवशी देशातले बडे उद्योजक क्रेमलिनमध्ये बसून निर्णय ऐकत होते. निर्णय घेताना त्यांना कोणी विचारले नव्हते. बँकमालक ओलेग तिन्कोव यांनी एप्रिलमध्ये युद्धावर टीका केली आणि काही दिवसांत आपल्या बँकेतला हिस्सा विकला. खऱ्या किमतीच्या तीन टक्क्यांत तो विकायला भाग पाडले गेले, असे त्यांचे म्हणणे. विकत घेणारी कंपनी होती पोतानिन यांची.

मग यांना काय म्हणायचे? मूळ अर्थाने ऑलिगार्क म्हणजे राज्य करणारा. आजचे रशियन अब्जाधीश राज्य करत नाहीत, राज्यकर्त्याच्या मर्जीने श्रीमंत राहतात. पुतिन यांचे जुने ज्यूदोतले साथीदार अर्कादी रोटेनबर्ग यांच्या कंपनीला क्रिमियाच्या पुलाचे कंत्राट मिळाले, यात सत्तेतून पैसा आहे. पैशातून सत्ता मात्र नाही. त्यामुळे ‘रशियन ऑलिगार्क’ हा शब्दप्रयोग १९९६ साठी अचूक आणि आजसाठी बराचसा सवयीचा आहे. ‘क्रेमलिनशी जवळीक असलेले अब्जाधीश’ हे लांबलचक असले तरी जास्त खरे.

कायद्यात हा शब्द लिहायला गेले की काय अडते

२०१७ च्या अमेरिकी कायद्याने अर्थखात्याला रशियन ऑलिगार्कांची यादी करायला सांगितले. जानेवारी २०१८ मध्ये यादी आली: ९६ नावे. पत्रकारांनी ती फोर्ब्स मासिकाच्या रशियन अब्जाधीशांच्या यादीशी लावून पाहिली, तर जुळली. ज्याच्याकडे एक अब्ज डॉलर तो ऑलिगार्क, अशी सोपी पट्टी लावली होती. त्यात क्रेमलिनशी फारसा संबंध नसलेले उद्योजक आले आणि एक अब्जाखालचे खरे मर्जीतले सुटले. पैसा मोजता येतो, जवळीक मोजणे कष्टाचे असते. म्हणून हा घोटाळा पुन्हा पुन्हा होतो.

युरोपीय संघाने निर्बंधांच्या मजकुरात शब्द वापरला तो ‘आघाडीचे उद्योजक’. न्यायालयात टिकायला पुरावा लागतो, आणि ऑलिगार्क असल्याचा पुरावा देण्यापेक्षा आघाडीचा उद्योजक असल्याचा पुरावा देणे सोपे. निर्बंधांबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करू. मालमत्ता गोठवणे म्हणजे जप्त करणे नव्हे. गोठवलेल्या घराची मालकी तीच राहते, विकता किंवा भाड्याने देता येत नाही. अब्रामोविच यांचा चेल्सी फुटबॉल क्लब २०२२ मध्ये अडीच अब्ज पौंडांना विकला गेला तो ब्रिटिश सरकारचा खास परवाना घेऊन, आणि ते पैसे त्यांच्या हाती न जाता गोठवलेल्या खात्यात पडले. कंपन्यांच्या बाबतीत अमेरिकेचा नियम असा, की निर्बंध लागलेल्या व्यक्तींचा एकत्रित हिस्सा ५० टक्के किंवा जास्त असेल तर ती कंपनीही आपोआप निर्बंधांत येते. म्हणूनच निर्बंधांची चाहूल लागली की पत्नी, मुले आणि विश्वस्त निधी यांच्या नावे हिस्से हलवून स्वतःचा वाटा ५० च्या खाली आणण्याची धावपळ होते.

सर्वांत धाडसी प्रयत्न युक्रेनचा. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या संसदेने ऑलिगार्कची कायदेशीर व्याख्याच केली. चार निकष: राजकारणात सहभाग, माध्यमांवर मोठा प्रभाव, मक्तेदारी असलेल्या कंपनीची अंतिम मालकी, आणि किमान निर्वाह रकमेच्या दहा लाख पटींहून अधिक संपत्ती. यांतले कोणतेही तीन लागू झाले की माणूस ऑलिगार्क. त्याने पक्षांना पैसे द्यायचे नाहीत, मोठ्या खासगीकरणात बोली लावायची नाही, आणि त्याला भेटणाऱ्या अधिकाऱ्याने भेटीची नोंद द्यायची. पैसा हा चारांपैकी फक्त एक निकष आहे, इथेच या व्याख्येचे शहाणपण दिसते.

परिणामही दिसला. नोव्हेंबर २०२१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष पेत्रो पोरोशेन्को यांनी आपल्या वाहिन्या कर्मचाऱ्यांच्या कंपनीला विकल्या. जुलै २०२२ मध्ये उद्योगपती रिनात अख्मेतोव यांच्या माध्यमसमूहाने परवाने सरकारला परत केले. पण व्याख्येत एक धोकाही आहे. कोणाला ऑलिगार्क ठरवायचे हे राष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखालची परिषद ठरवणार. राजकीय विरोधकावर शिक्का मारायला हे हत्यार उपयोगी पडू शकते. युरोपातल्या घटनातज्ज्ञांच्या व्हेनिस आयोगाने २०२३ मध्ये हाच आक्षेप घेतला आणि व्यक्तींची यादी करण्याऐवजी स्पर्धा कायदा, पक्षनिधी आणि माध्यममालकी यांचे नियम कडक करा, असे सुचवले. माझ्या मते आयोगाचे म्हणणे बरोबर आहे. यादीतला माणूस हटला तरी ज्या वाटेने तो आला ती उघडी राहिली, तर दुसरा येतो.

अमेरिकेला हा शब्द लागू पडतो का?

बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे उमेदवारापासून स्वतंत्र राहून केलेल्या प्रचारखर्चावर कंपन्यांना मर्यादा नाही. २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि नंतर सरकारी खर्च कापण्याच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. त्याच वेळी त्यांची अंतराळ कंपनी सरकारची मोठी कंत्राटदार होती. पैशातून सत्ता आणि सत्तेच्या जवळ पैसा, दोन्ही टोके दिसतात.

२०१४ मध्ये मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज या अभ्यासकांनी १९८१ ते २००२ मधले १,७७९ धोरणप्रश्न तपासले. धोरण ठरताना वरच्या आर्थिक थराच्या पसंतीचा स्वतंत्र प्रभाव मोठा आणि सरासरी नागरिकाचा जवळजवळ शून्य, असा निष्कर्ष निघाला. ‘अमेरिका ही ऑलिगार्की आहे’ असे मथळे तेव्हा जगभर छापले गेले. टीकाकारांनी दाखवले, की श्रीमंत आणि मध्यमवर्गीय यांचे सुमारे ९० टक्के प्रश्नांवर एकमतच असते. वाद उरतो तो दहा टक्क्यांचा.

आणि रशियाशी असलेला मोठा फरक विसरून चालत नाही. बहुतेक अमेरिकी तंत्रज्ञान-अब्जाधीशांनी संपत्ती सरकारी मालमत्तेच्या वाटपातून मिळवलेली नाही. जून २०२५ मध्ये ट्रम्प आणि मस्क यांचे बिनसले तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी लगेच सरकारी कंत्राटे रद्द करण्याची भाषा केली. ते १९९६ च्या मॉस्कोपेक्षा २००९ च्या पिकाल्योवोजवळ जाणारे होते. धोका आहे, पण राज्य नक्की कोण करते आहे याचे उत्तर तिथे अजून ठरलेले नाही.

भारतात, आणि साखरपट्ट्यात

सप्टेंबर २००८ मध्ये रघुराम राजन यांनी मुंबईतल्या भाषणात हाच प्रश्न विचारला होता. अर्थव्यवस्थेच्या आकारमानाच्या तुलनेत अब्जाधीशांची संख्या पाहिली तर भारत रशियाच्या खालोखाल आहे, आणि त्यांतल्या अनेकांचा पैसा जमीन, नैसर्गिक संपत्ती आणि सरकारी कंत्राटे यांतून आला आहे, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या मांडणीत महत्त्वाचे आहे ते हे, की पैसा किती यापेक्षा कोणत्या क्षेत्रातून आला ते पाहायचे. सॉफ्टवेअर विकून अब्जाधीश झालेल्याला मंत्र्याची सही कमी लागते. खाण, बंदर, स्पेक्ट्रम यांत ती पावलोपावली लागते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले तेव्हा हाच मुद्दा होता: देणगीच्या बदल्यात काय मिळाले हे तपासण्याचा मतदाराचा हक्क गुप्ततेने मारला जातो.

महाराष्ट्रात ‘साखरसम्राट’, ‘शिक्षणसम्राट’ हे शब्द आपण दशकानुदशके वापरतो. ते ऑलिगार्कचे मराठी भाऊ आहेत का? अर्धे. सहकारी कारखान्याचा अध्यक्ष कारखान्याचा मालक नसतो. मालक सभासद असतात, एका सभासदाला एक मत असते, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला ही रचना उभी केली ती सावकारशाहीतून शेतकरी सुटावा म्हणूनच. पण ऊसतोडीची टोळी कोणाच्या फडात आधी जाणार, वाहतुकीचा ठेका कोणाला, कारखान्यात नोकरी कोणाला, जिल्हा बँकेचे कर्ज कोणाला, हे संचालक मंडळ ठरवते. उभा ऊस वाळत असताना सभासद अध्यक्षाविरुद्ध मत देताना दहादा विचार करतो. रोबेर्ट मिखेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्ये जर्मन समाजवादी पक्षाच्या अभ्यासातून मांडले होते, की लोकशाही संघटना मोठी झाली की ती चालवणाऱ्या मूठभरांच्या हाती जाते. साखरपट्ट्याला ते तंतोतंत लागू पडते. इथे ताबा आहे, मालकी नाही.

मालकी आली ती पुढच्या टप्प्यात. आजारी पडलेले अनेक सहकारी कारखाने बँकांनी थकबाकीपोटी विकले आणि ते खासगी कंपन्यांकडे गेले. किमतींवरून आणि खरेदीदारांच्या राजकीय नात्यांवरून न्यायालयापर्यंत वाद गेले. कारखाना आजारी पाडणारे, विकणाऱ्या बँकेवर बसलेले आणि विकत घेणारे एकाच गोतावळ्यातले असतील, तर तिथे साखरसम्राट हा शब्द अपुरा पडतो आणि ऑलिगार्क हा योग्य ठरतो.

शब्द वापरण्याआधी काय तपासायचे

पहिले पाहायचे ते मूळ भांडवल. ते सरकारने दिलेल्या परवान्यातून, जमिनीतून, खाणीतून किंवा सरकारी बँकेच्या कर्जातून आले का, आणि त्यासाठी खुली स्पर्धा झाली का? मग या माणसाकडे माध्यम किंवा पक्षनिधी यांसारखे असे काही आहे का, ज्यामुळे सरकारला त्याची गरज पडते? तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: सरकार बदलले तर त्याचे काय होते? नव्या सरकारशीही तितकेच जमले तर तो सरकारापेक्षा टिकाऊ आहे, आणि ही ऑलिगार्कची पक्की खूण. सरकारबरोबर तोही पडला तर तो मर्जीतला माणूस होता. मर्जीतल्या माणसासाठी ‘क्रोनी’ हा शब्द इंग्रजीत आहे, आपल्याकडे ‘सरकारी जावई’ आहे.

‘ऑलिगार्क कुटुंबात जन्मला’ अशी वाक्ये टाळावीत. वारशाने संपत्ती मिळते, सरकारवरची पकड जो तो आपली मिळवतो. ‘ज्यू ऑलिगार्क’ यांसारखी जातधर्माची जोड तर कधीच देऊ नये. १९९० च्या दशकात रशियात या जोडीने द्वेष पसरवला गेला आणि त्या गोंधळात लिलावांच्या कागदपत्रांकडे लोकांचे दुर्लक्ष झाले.

कागदपत्रे मात्र पाहावीत. मोठ्या सरकारी लिलावाची बातमी वाचताना विजेत्याच्या नावाआधी तीन गोष्टी शोधाव्यात: विजेती बोली किमान बोलीपेक्षा किती वर होती, किती बोली बाद झाल्या आणि कोणत्या कारणाने, आणि छाननी करणाऱ्या संस्थेचा कोणत्याही बोलीदाराशी संबंध होता का. नोरिल्स्कच्या लिलावात हे तिन्ही तपशील त्याच महिन्यात उपलब्ध होते.